आयत्या वेळचे विषय

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की तुळशीवृंदावनापाशी उभे राहून डाव्या पायाने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, अशी आपली रीत आहे. कडू आधी, गोड मागाहून. दिवाळी अंकातही या रीतीला थोडी जागा असावी. पुढच्या पानांवर कथा-कवितांची ताटे वाढून ठेवलेली आहेतच. तिकडे वळण्यापूर्वी वाचकांनी एक थेंब माझ्या हातून घ्यावा, एवढीच विनंती.

माझे भांडण एका फळ्याशी आहे. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात तो टांगलेला असतो. त्याचा काळा रंग विटलेला असतो, आणि त्यावर चिकटवलेला कागद वाचायला जावे तो त्यावरची तारीख उलटून गेलेली असते. फळ्यापासून पन्नास पावलांवर चौक आहे. तेथे मात्र सगळे ताजे! कोणाचा आज वाढदिवस आहे, कोणाची कोणत्या पदावर निवड झाली, त्याचे अभिनंदन कोणाकोणाला करावेसे वाटले, आणि समस्त ग्रामस्थांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा कोण देत आहे, हे दोन मजली उंचीच्या फ्लेक्सवर हसऱ्या चेहऱ्यांनिशी छापलेले असते. आमच्या गावात कोण कोणाचा शुभेच्छुक आहे हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण पुढची ग्रामसभा कोणत्या दिवशी आहे आणि तीत कोणते विषय यायचे आहेत, असे चार शहाण्या माणसांना विचारून पाहा. चौघेही आभाळाकडे पाहतील.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही कोणत्या काळात वावरता? आता फळा कोण वाचतो? पंचायतीचा मोबाइलवर ग्रुप आहे, तेथे रोज बातम्या येतात. येतात, हे मला मान्य आहे. मीही त्या ग्रुपात आहे. नारळ फोडल्याची बातमी येते, फीत कापल्याची येते, कुदळ मारल्याची येते, आणि सुप्रभात तर सूर्याच्याही आधी येते. पण वाचकहो, या सगळ्या बातम्यांचे व्याकरण एकदा तपासा. ती सगळी क्रियापदे भूतकाळी आहेत. झाले, केले, ठरले, पार पडले! ‘ठरवायचे आहे, या’ असा एक विध्यर्थ त्यांत औषधाला सापडायचा नाही.

माझा सगळा वाद या एका गोष्टीचा आहे. बातमी दोन प्रकारची असते. जे ठरून गेले त्याची एक, आणि जे अद्याप ठरायचे आहे त्याची दुसरी. पहिली प्रेक्षकाला दाखवतात, दुसरी मालकाला सांगतात. घर बांधणारा गवंडी मालकाला आधी विचारतो, ‘खिडकी कोठे काढू?’ भिंत उभी राहिल्यावर तिचे छायाचित्र पाठवून ‘कळविण्यास आनंद होतो’ असे तो म्हणू लागला, तर आपण त्याला कामावर ठेवू काय? पण गावाच्या कारभारात नेमके हेच चालते, आणि आपण त्या छायाचित्राखाली टाळ्यांचे चित्र टाकून मोकळे होतो!

कायद्याने मालक कोण, याविषयी शंकेला जागा ठेवलेली नाही. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. तिच्या व्याख्येप्रमाणे गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांची मिळून ग्रामसभा होते. सरपंचाने जमविलेला श्रोतृवर्ग म्हणजे ग्रामसभा नव्हे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा 1958 सालचा आहे. वर्षातून निदान चार ग्रामसभा घेतल्या पाहिजेत, सभेची सूचना सात दिवस आधी दिली पाहिजे, सर्वसाधारण सभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा भरली पाहिजे, असे सगळे त्यात आणि त्याखालच्या नियमांत सांगितलेले आहे. गणपूर्तीला मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 माणसे, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढी लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला मग गणपूर्ती लागत नाही! एवढी सोयीची पळवाट ज्याने ठेवली, त्याला ग्रामीण महाराष्ट्राची नाडी चांगली कळली असली पाहिजे.

पण आमच्या गावी त्या पळवाटेचीही गरज पडली नाही. कशी, ते सांगतो. कारण या कथेत आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मी आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी सहामाहीचे पेपर तपासत ओसरीवर बसलो होतो. पंचायतीचा शिपाई सायकलवरून आला. बगलेत लांबोडकी वही.

‘गुरुजी, तेवढी सही राहिलीय.’

‘कसली रे?’

‘ग्रामसभेची. कोरमचं काम हाय. सगळ्यांनी केली.’

लाल पेन हातात होते. ते ठेवून निळे घेतले आणि सही केली. सभा कोणत्या दिवशी झाली, हे विचारले नाही. तीत काय ठरले, हेही विचारले नाही. त्याने पाणी मागितले, ते दिले. तो गेला. सगळा व्यवहार पाच मिनिटांचा.

पुढे गावात नळयोजनेचे काम सुरू झाले. घराघरांत नळ देणारी जलजीवन मोहीम 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झाली होती. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात, असा तिचा वायदा आहे. चर खणले गेले, निळे पाइप पडले आणि ओढ्याच्या काठाशी येऊन थांबले. ओढ्यापलीकडे तीस-पस्तीस घरांची वस्ती आहे. सहावीच्या वर्गात तिथली एक मुलगी रोज प्रार्थना संपल्यावर यायची. एकदा जरा आवाज चढवूनच विचारले, ‘उशीर का?’ ती खाली पाहून म्हणाली, ‘पाणी भरायचं असतं गुरुजी. नळ आमच्याकडं आला नाही.’

मला संताप आला. शाळा सुटल्यावर तसाच पंचायतीत गेलो आणि ही वस्ती कोणी वगळली, म्हणून तावातावाने विचारले. तेथल्या माणसाने शांतपणे कपाट उघडून प्रोसिडिंगची वही पुढे ठेवली. पहिले तीन विषय नेहमीचे होते. शेवटचा मथळा होता : ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’. त्याखाली एक ओळ. ओढ्यापलीकडील वस्ती दुसऱ्या टप्प्यात घ्यावी, असे सर्वानुमते ठरले. पान उलटले. हजेरीत 82व्या क्रमांकावर माझी सही होती.

‘गुरुजी, तुम्ही होता की सभेला,’ तो म्हणाला.

आणि माझ्याखाली चार ओळींवर त्या मुलीच्या बापाची सही होती.

ज्या माणसाच्या दाराशी यायचा नळ त्या पानाने अडविला, त्याच माणसाची त्या पानाखाली सही! त्यालाही शिपायाने ‘कोरमचं काम’ एवढेच सांगितले असणार. त्याच्या हातून त्याचे पाणी काढून घेतले गेले आणि त्याला पेनाचे वजनही जाणवले नाही. लूटमार करणाऱ्याला निदान दमदाटी करावी लागते. येथे ‘सही राहिलीय’ एवढे दोन शब्द पुरले.

यावर ठरावीक उत्तरे येतात, तीही ऐकून घेऊ. पहिले उत्तर असे, की लोकच सभेला येत नाहीत. खरे आहे, येत नाहीत. पण लग्नाची पत्रिका लग्न झाल्यावर वाटली, तर मांडवात माणसे कोठून यावीत? दुसरे उत्तर, लोकांना कारभारातले कळत नाही. ज्या बाईला हंड्याचे वजन कळते, तिला पाइप कोठून न्यावा हे कळत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा तो हंडा उचलून पाहावा. तिसरे उत्तर भारदस्त असते. आम्हाला निवडून दिले ना, मग विश्वास ठेवा. विश्वास ठेवतोच, पण किराणा दुकानदारावर विश्वास असूनही आपण यादी लिहून देतो आणि हिशेब वाचून घेतो. त्यात दुकानदाराचा अपमान होत नाही.

आयत्या वेळचा विषय म्हणजे वास्तविक अडीनडीची सोय. पूर आला, साथ आली, तर सात दिवस थांबता येत नाही म्हणून ठेवलेले दार. पण आपल्याकडे त्या दारातून पाणी जाते, जागा जाते, पैसा जातो. आणि आयत्या बिळावर नागोबा बसावा तसा आयत्या विषयावर कोणीतरी येऊन बसतो.

‘सर्वानुमते’ या शब्दाचाही मला आता वीट आला आहे. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन पुण्यात यायचा म्हणून शहराच्या सजावटीवर खर्च करण्याचा विषय निघाला, तेव्हा फुल्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मत हरले, पण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ते आपल्याला ठाऊक आहे, ते त्या एका माणसाने तोंडावर विरोध केला म्हणून. आमच्या वहीत फुले असते, तर तेही सर्वानुमतेत बुडाले असते.

हे दुसऱ्या तऱ्हेने करता येत नाही असे कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. तेथे ठराव एकमताने होतात. पण ते एकमत वहीत जन्मत नाही. गावात अभ्यासगट आहे. तो निर्णय घेत नाही. तो विषय समजून घेतो, जाणकाराला विचारतो, कायदा वाचतो. आणि मग ग्रामसभा बसते, ती सगळ्यांचे पटेपर्यंत बसते. या गावाला 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली आपला बांबू आपण विकण्याचा वाहतूक परवानाही मिळाला. आधी माहिती, मग चर्चा, मग निर्णय, या साध्या क्रमाची ही कमाई. आम्ही शिकली-सवरलेली गावे हा क्रम उलटा लावतो आणि वर मागासलेपण त्यांच्या नावे लिहितो.

शहरातल्या वाचकांनी येथे सुस्कारा सोडू नये. तुमच्यासाठीही 2009 साली महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या गल्लीच्या गरजा सांगाव्यात, म्हणून ती. तुमच्यापैकी किती जण अशा सभेला जाऊन आले, याचे उत्तर मनातल्या मनात द्या. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात गल्लोगल्ली शुभेच्छांचे फलक मात्र एक दिवस चुकले नाहीत!

मग मागायचे काय? फार नव्हे. विषयपत्रिका सात दिवस आधी हवी. तीत प्रत्येक विषयापुढे रुपयांचा आकडा हवा, आणि ती फळ्याबरोबर शाळेच्या दारी, रेशनच्या दुकानात, शेवटच्या वस्तीच्या पारावर आणि मोबाइलच्या त्या ग्रुपातही हवी. पाणी, जमीन आणि पैसा आयत्या वेळी नको. हजेरीची वही सभेच्या जागेतून हलू नये. ठराव मोठ्याने वाचून दाखवल्यावरच त्याखाली सह्या व्हाव्यात, आणि विरोध करणाऱ्याचे नाव विरोधासह लिहावे. शिवाय 2020 साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावोगावचे विकास आराखडे पाहता येतात. घरात दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांच्या हातात मोबाइलही आहे. फटाके संपले की त्यांना आपल्या गावाचे नाव तेथे शोधायला सांगा. मंजूर कामांची यादी आजीला वाचून दाखवू द्या. त्यातले अर्धे काम आजीने पाहिलेले नसेल, ते ती सांगेल.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. शिपाई पुढच्या खेपेला वही घेऊन आला, तेव्हा मी सही केली नाही. तो बिचारा गोंधळला. ‘मग कोरम कसा व्हायचा, गुरुजी?’

‘विषय सांग,’ मी म्हटले, ‘म्हणजे मी येतो. दोघाचौघांना घेऊन येतो.’

गेल्या 15 ऑगस्टच्या सभेला वस्तीतल्या अकरा बाया आल्या होत्या. त्यांनी जुना ठराव वाचून दाखवायला लावला. तो वाचला जात असताना सभेत जी शांतता झाली, ती मी विसरणार नाही. वस्तीचे पाणी हा पुढच्या सभेचा पहिला विषय म्हणून लिहून घेतला गेला आणि त्या दिवशी त्या अकरा जणींनी आपल्या हाताने सह्या केल्या; कोणी घरी वही नेली नाही.

नळ अजून आलेला नाही. ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे आणि प्रार्थना संपल्यावरच शाळेत येते. मी तिला उशीर का झाला, असे विचारत नाही.