नावाडी नसलेली नाव

हायड्रोफॉइल हे नाव जिभेला जड, पण वस्तू सोपी आहे. होडीच्या तळाखाली दांडे काढायचे आणि त्यांच्या टोकांना पाण्यात बुडलेले पंख लावायचे. वेग आला की हे पंख होडीला उचलून धरतात, तळ पाण्याबाहेर येतो आणि पाण्याचा विरोध एकदम घटतो. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आणि केसी बॉल्डविन यांनी १९१९ साली कॅनडात अशी नौका ताशी ११४ किलोमीटर वेगाने पळविली होती.

आता अशीच, पण दोन हात लांबीची आणि आत माणूस नसलेली नाव करायची म्हटली, की लोक म्हणतात, चला, नावाड्याचे वजन तरी वाचले! अहो, वजनाचा प्रश्नच कुठे होता? पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. ५ किलोची नाव सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल, तर तिला उचलायला सगळे मिळून एका पोस्टकार्डाएवढे पंख पुरतात.

खरी पंचाईत पुढे आहे. पंखांचा कल तोच ठेवून वेग दुप्पट केला, की तेच पोस्टकार्ड चौपट, म्हणजे २० किलो उचलू पाहते. नाव वर वर येते, पंख पृष्ठभागाशी पोचतो, त्यावर हवा ओढली जाते, आणि स्वारी नाकावर आपटते! नावाडी असता तर वेळीच पुढे झुकला असता. तो ओझे नव्हता, डोळा होता. मग आता पाहायचे कोणी?

बेलच्या नौकेला पंखांची शिडीच होती. नौका वर आली की वरच्या पायऱ्या उघड्या पडत आणि उचल आपोआप कमी होई. युक्ती नामी खरी. पण लहान नावेला तेवढ्या पायऱ्यांचा अडथळाच फार, शिवाय गवत अडकते ते निराळेच.

मॉथ नावाच्या एकट्या माणसाच्या शिडाच्या होडीवर याहून साधा उपाय आहे. नाकाडावरून एक काठी पाण्यावर टेकत जाते. होडी खाली असली की पाणी काठीला मागे ढकलते, आणि तिला जोडलेली पंखाची मागची पट्टी खाली वळून उचल वाढते. होडी फार वर गेली की काठी लोंबते आणि पट्टी उलटी वळते. मी मराठीचा मास्तर. मला तर आंधळ्याची काठीच आठवली.

मात्र छोट्या नावेला बोटभर तरंगही लाटेसारखा. प्रत्येक तरंगाला काठी मान डोलवू लागली, तर नावही नाचणार. म्हणून तिला रबराचा बेताचा ताण हवा. हल्ली काठीऐवजी ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे यंत्रही बसवतात. बसवा बापडे! पण पहिल्या नावेला काठीच लावावी. ती वाकली तर निदान काठावरून दिसते.