येळवशीचे पाहुणे

दिवाळी अंक हाती आला की मी प्रथम त्यातले बालपणाचे लेख शोधतो. ते असतातच. फराळाच्या ताटात जसा चिवडा असावयाचा, तसा अंकात आजोळचा वाडा, डोहात मारलेला सूर, बैलगाडीतला प्रवास, आगटीवर भाजलेला हुरडा आणि सुट्टीत जमलेली वीस-पंचवीस भावंडे असावयाचीच. लेखक पुण्यात किंवा मुंबईत असतो, शेत गावी असते, आणि शेवटी एक सुस्कारा असतो. असे लेख मी आवडीने वाचत आलो आहे. दोन-तीन स्वतः लिहिलेही आहेत. तेव्हा आज जी फिर्याद मी मांडणार आहे तिच्यातला पहिला आरोपी मीच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे आणि मग मला काय बोल लावावयाचे ते लावावेत.

माझे म्हणणे असे की, आमच्या या आठवणी खोट्या आहेत. डोह होता, हुरडा होता, बैलही होते; त्याविषयी वाद नाही. खोटे आहे ते त्यांतले ‘आम्ही’. ‘आम्ही पोहायचो’, ‘आम्ही राखणीला जायचो’, ‘आमचे शेत’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण कोण मोजलेले असते, हे एकदा उघड करून पाहावे असे मला वाटू लागले आहे. ते कशामुळे, ते सांगतो.

आमचे शेत शिरूर अनंतपाळच्या शिवारात, घरणी नदीच्या अंगाला आहे. आजोबा ते कसू लागले तेव्हा ते निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९८२ साली लातूर जिल्ह्यात. आणि शिरूर स्वतः तालुक्याचे गाव झाले ते १९९९ साली. एवढे जिल्हे पालटले तरी शेत जागचे हलले नाही. हललो ते आम्ही. मी पुण्यास गेलो, मधला भाऊ हैदराबादेस, आक्का सासरी. धाकटा तेवढा राहिला.

आम्ही सगळे वर्षातून एकदा एकत्र येतो ते येळवशीला. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेळ अमावास्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, नांदेडच्या काही भागात, तसेच पलीकडे बीदर-कलबुर्गीकडे सारे गाव शेतात जाते. लातूरचे जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, भर शहरातली बाजारपेठ ओस पडते, आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहाने बोलावून नेतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तीत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की शेताला चर शिंपतात. त्या वेळच्या आरोळीचे शब्द कानडी वळणाचे असल्यामुळे आम्ही मुले त्यात मन मानेल ती अक्षरे भरीत असू. मग जेवण. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे, शेंगदाणे आणि हाती लागेल ती पालेभाजी एकत्र शिजवून बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील. ही आंबील दोन पेले पोटात गेली की मनुष्य बाभळीखाली आडवा होतो, तो चार वाजेपर्यंत उठत नाही. (भज्जी म्हणजे भजी असे पुणेकरांनी समजू नये. तसे समजून आमच्या एका जावयाने पहिल्याच वर्षी सोबत चटणी मागितली होती.)

गेल्या वर्षीची येळवस ३० डिसेंबर २०२४ रोजी, सोमवारी आली. आम्ही लहानथोर मिळून चाळीसांवर होतो. सहा मोटारी धुऱ्याला लागल्या. जेवणे झाली, आणि दरवर्षीप्रमाणे आठवणींची बैठक भरली. मधल्याने देवणी जोडीची गोष्ट सांगितली; ती तो दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी बैल दोन-दोन बोटे उंच होतात. मी डोहाची सांगितली. चुलतभावाने चोरून खाल्लेल्या हुरड्याची सांगितली. सुना-जावई हसत होते, नातवंडे मोबाइलवर आमचे चित्रण करीत होती. इतक्यात कोणी तरी म्हणाले, “आक्का, तू काहीच बोलत नाहीस. तुझी एखादी आठवण सांग की.”

आक्का भांडी गोळा करीत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “मला काय आठवावं बाबा? मी चुलीपशी व्हते.”

सगळे हसले. मीही हसलो. पण हसता हसता माझ्या मनात हिशेब सुरू झाला. आक्का १९५८ सालची, मी १९६० चा. दोन वर्षांचे अंतर; म्हणजे माझे जे बालपण, तेच तिचे. मी डोहात सूर मारीत होतो तेव्हा ती त्याच डोहाच्या काठी धुणे आपटीत होती. मी हुरडा खात होतो तो तिने भाजून, चोळून, पाखडून दिलेला होता. चौथीत तिची शाळा सुटली, कारण धाकट्याला सांभाळावयास घरी कोणी नव्हते. १९७२ च्या दुष्काळात माय आणि ती दोघी खडी फोडावयास गेल्या. आमची वीस एकर जमीन होती, पण पाऊसच नसेल तर वीस एकरांची खडीसुद्धा होत नाही. तिथे मिळालेली सुकडी आक्का पदरात बांधून घरी आणी आणि ती आम्हां तिघा भावांत वाटली जाई. मिलोच्या तांबड्या भाकरी आम्ही वर्षभर खाल्ल्या. आमच्या बैठकीत देवणी बैल येतात, तांबडी भाकरी कधी येत नाही. ती पाहुण्यांपुढे वाढण्यासारखी नसते ना!

त्याच दिवशी दुसरा धक्का बसला. मला पोहायला शिकवले ते आमच्या सालगड्याच्या मुलाने. तो माझ्याच वयाचा. पाठीला वाळका भोपळा बांधून त्याने मला डोहात ढकलले, हा माझ्या एका छापील लेखातला सर्वांना आवडलेला प्रसंग आहे. तो आता धाकट्याच्या शेतावर रोजाने येतो. त्या दिवशी तो सकाळपासून राबत होता आणि आमच्या पंगती उठल्यावर गोठ्याच्या सावलीला एकटा जेवत होता. मी मोठ्या प्रेमाने त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “काय रे, आठवतं का आपण पोहत होतो ते?” तो घास थांबवून म्हणाला, “पवत तुमी व्हता, मालक. म्या बैलं धुवायला उतरत व्हतो.”

साठ वर्षे मी ज्याला सवंगडी समजत होतो तो त्या वेळी कामावर होता.

येथपर्यंतची गोष्ट भावनेची म्हणून सोडून देता आली असती. परंतु चार वाजता मधल्याने पिशवीतून कागद काढला. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. आमचे वडील २०१८ साली गेले. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आम्हां तिघांसोबत आक्काचेही नाव लागले. ते आता तिने सोडावे, नंतर एक दिवस निबंधकाकडे येऊन अंगठा-फोटो करावा, आणि त्याबद्दल भावांनी तिला भारी साडीचोळी करावी, असा बेत होता. हा मसुदा आठ दिवस आधी माझ्याकडे आला होता आणि मी त्यावर ‘ठीक आहे’ असे कळवलेही होते. खोटे कशाला बोलू?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण दिवाळीत जमणाऱ्या घराघरांतून हा कागद पिशवीत असतो. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शातला वाटा दिला, वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मात्र दिला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली तो दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. आणि आक्काचे लग्न तर १९७४ चे. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद पुसला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच असतो, त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. देशाने इतकी वर्षे चालत जाऊन जे तिच्या हाती ठेवले, ते आम्ही एका दुपारी, आंबिलीच्या गुंगीत, साडीच्या बदल्यात परत घेणार होतो.

यावर धाकट्याची एक अडचण खरी आहे, आणि तिला मी हसणार नाही. सामाईक खाते असले की पीकविम्याला इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते, बँक आणखी चार कागद मागते, आणि दरवेळी त्याला बहिणीच्या गावी खेटे घालावे लागतात. त्याचे दुखणे आम्हां पाहुण्यांना ठाऊक नसते. त्या दिवशी कोपीसाठी कडबासुद्धा त्याने विकत आणला होता. शेतभर सोयाबीन झाल्यापासून ज्वारी पेरणेच त्याने सोडले आहे. त्या साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याहून खाली जात होता. चाळीस माणसांनी त्याच्या शेतात बसून दिवसभर शेताच्या गोष्टी केल्या, पण सोयाबीन काय भावाने गेले हे त्याला एकाने विचारले नाही. मीही नाही. मात्र त्याच्या अडचणीवर उपाय आक्काचे नाव पुसणे हा कसा? रीतसर वाटणी करावी, तिचा वाटा तिच्या नावे काढावा, आणि धाकट्याने तो बटईने किंवा खंडाने करावा. असे केले तर बँकही समाधानी राहते आणि बहीणही. नुसत्या संमतीपत्राच्या त्रासापायी हक्क सोडावयाचा, तर माझा व मधल्याचा आधी का सोडू नये? आम्ही दोघांनी चाळीस वर्षांत त्या रानात एक खुरपे चालवलेले नाही. आमची नावे पुसण्याचा मसुदा कोणी करून आणला नाही!

“जमिनीचे तुकडे होतील,” असे मधला म्हणाला. ही चिंता त्याला बहिणीपाशी येऊनच सुचली. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती सव्वातीन एकरांच्या आसपास आली. हे तुकडे पाडले कोणी? बहुतेक ठिकाणी भावाभावांनीच. आमच्या आजोबांच्या चाळीस एकरांच्या दोन वाटण्या झाल्या त्या वडील आणि चुलते यांच्यात. आत्याबाईंना त्या वेळी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत: एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, एकत्र देवकार्य आणि नाते. आमचे छप्पर गेले, चूल गेली. वर्षातून एक दिवस देवकार्य आणि चूल पुन्हा मांडतो, आणि मिळकतीचा विषय निघाला की बहिणीला नात्याची आठवण करून देतो. माहेर तुटेल या भीतीने हजारो आक्कांनी असल्या कागदांवर सह्या केल्या आहेत. सहीवर टिकणारे ते कसले माहेर?

कोणी म्हणेल, सणासुदीला हे कशाला? वर्षातून एकदा माणसे भेटतात, चार घटका हसतात, त्यात तुम्ही विरजण का घालता? मला सणाचा द्वेष नाही. उलट येळवस मला दिवाळीपेक्षाही प्रिय आहे, आणि भज्जीचा वास आला की पुण्यातसुद्धा माझे डोळे भरतात. (पुण्यात तो येत नाही, ही गोष्ट वेगळी.) पण हसण्यासाठी ज्या आठवणी आम्ही काढतो, त्याच आठवणींच्या जोरावर आम्ही त्या जमिनीवर हक्क सांगतो. ‘आम्ही तिथे वाढलो, आमचा जीव तिथे आहे,’ असे म्हणणारा मनुष्य सातबाऱ्यावरचे आपले नाव पक्के करीत असतो. मग ज्या बाईने आठवणी सांगाव्यात म्हणून कधी जागाच दिली नाही, तिचा जीव तिथे नव्हता असे ठरते. जिला चुलीपाशी बसवले, तिला पुढे कागदावरूनही उठवता येते. म्हणून मी यापुढे डोहाची गोष्ट सांगणार असेन, तर काठावरच्या धुण्यासकट आणि धुतल्या जाणाऱ्या बैलांसकट सांगेन. नाही तर गप्प बसेन. मालकपणाची ती वेगळी पंगतही यंदापासून बंद व्हावी, असे मी धाकट्याला लिहिले आहे.

आक्काने त्या दिवशी सही केली नाही. ती कुणाला उलट बोलली नाही, की कायदा सांगत बसली नाही. मसुदा उलटसुलट करून पाहिला, आणि “चष्मा घरी राहिला” म्हणून परत दिला. चष्मा तिच्या गळ्यात लोंबत होता. दिवस मावळताना पेटत्या पेंढ्या घेऊन शेताभोवती फिरवतात, ते बघावयास सहांतल्या पाच मोटारी थांबल्या नाहीत. रस्त्याला अंधार होईल म्हणून त्या निघून गेल्या. त्या मळ्यातून पेंढी घेऊन धावले ते दोघेच, धाकटा आणि तो.

यंदाची येळवस १९ डिसेंबरला आहे. परवा धाकट्याचा फोन आला; किती माणसे येणार, कडबा किती सांगू, असे विचारीत होता. मी म्हटले, आधी आक्काला विचार, ती येणार का. संध्याकाळी तिचाच फोन आला.

“येते,” म्हणाली. “पर सैपाकाला नाही. बसायला येते.”

तेव्हा भज्जीचे काम माझ्याकडे आणि मधल्याकडे लागले आहे. त्याने हैदराबादेहून आदल्या दिवशी यावयाचे कबूल केले आहे. दाणे सोलावयास आणखी चार हात लागतील. चुलतभावांना कळवले आहे, अजून उत्तर आलेले नाही.