चार हात जमीन

"तुमचं बर्फ झालं का हो?" हा प्रश्न आमच्या डिचोलीत हल्ली "मुलीचं लग्न झालं का?" ह्याच सुरात विचारतात. बुधवारच्या बाजारात वालीची जुडी हातात घेऊन विचारतात, मंदिरात अभिषेकाच्या रांगेत विचारतात. नाही म्हटलं तर समोरची बाई इतक्या मायेनं बघते, की आपल्याच घरात काही उणं आहे असं वाटायला लागतं. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीपासून सुरू झाला आणि हा रोग वाढला. आता दिल्ली अडीच तासांवर. पुढे रात्रभर बस, की सकाळी मनाली.

तर आमचंही बर्फ झालं. सात माणसं गेलो: आम्ही दोघं, मुलगा, सून, सात वर्षांची नात, आणि मांद्रेहून वन्सं आणि भावजी. सोलंगला स्की करून आलो. त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि गोड लिहिणार नाही.

आधी हिशेब मांडते. संसारात तीस वर्षं हिशेबाची वही माझ्याकडेच आहे. विमानाची तिकिटं 91,000. सहल कंपनीचे माणशी 26,000 प्रमाणे 1,82,000. गरम कपडे, मोजे, हातमोजे 38,000. हे कपडे आता डिचोलीच्या दमट हवेत कपाटात बुरशी धरून बसले आहेत. एकूण 3,11,000. एवढ्या पैशांत प्रत्यक्ष स्कीवर उभे राहिलो चौघं, माणशी वीस-बावीस मिनिटं. बाकीचा वेळ गाडीत, रांगेत, आणि बूट चढवण्या-उतरवण्यात गेला.

ह्या हिशेबात माझं काम कुठे धरलेलं नाही. सहल म्हणजे बाईला सुट्टी, असं सगळे म्हणतात. आमच्या घरात कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. कंपनीनं "जैन भोजन मिळेल" असं छापलं होतं. मिळालं ते बटाटा वगळलेलं आलू-मटार, रात्री नऊ वाजता. जानेवारीत तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी जातो. म्हणजे चारलाच जेवणाची सोय बघायची. मी निघण्याआधी आठ दिवस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, राजगिऱ्याचे लाडू असं करत बसले होते. हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत पाणी उकळून मी सात माणसांना चार दिवस जेवू घातलं. सुट्टी माझ्या स्वयंपाकघराला मिळाली. मला नाही मिळाली.

सुनेनं दिल्लीत नातीसाठी एक हलकंफुलकं जाकीट घेतलं. आतली चिठ्ठी मी चष्मा लावून वाचली. भरण बदकाच्या पिसांचं होतं. सून म्हणाली, "आई, आता बिल झालंय." बिल झालं की पाप उतरतं, हे मला कोणत्याच पाठशाळेत शिकवलं नव्हतं. पण मीही गप्प बसले, आणि नातीनं ते घातलं. हे मी माझ्या बाजूला लिहून ठेवते, कारण पुढे मी दुसऱ्यांना बोलणार आहे.

मनालीहून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर. रस्त्याच्या कडेला ओळीनं दुकानं, पाट्यांवर मोठे आकडे. चालक आपल्या ठरलेल्या आकड्यापाशी गाडी उभी करतो. आत शेकडो लोकांनी घालून ओले केलेले कोट आणि बूट भाड्यानं मिळतात. त्या वर्षी बर्फही पातळ होता. सावलीच्या उतारावर पांढरा, उन्हाच्या बाजूला मातकट. त्यात घोडे, त्यांची लीद, मक्याची कणसं, मॅगीची पाकिटं.

उतारावर एक तरुण मुलगा आला. म्हणाला, स्की आणि तासभर शिकवणं, माणशी 1,500. वन्सं ताबडतोब पुढे सरसावल्या. वन्संचं मांद्र्याला पाच खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. घासाघीस त्यांना चांगली कळते, कारण वर्षभर त्यांच्याशी लोक तीच करत असतात. "आम्हाला शिकवणं नको, नुसती स्की दे, फोटोपुरती," असं म्हणत त्यांनी भाव 600 वर आणला. चौघांचे मिळून 3,600 वाचले. परतताना वन्सं मला म्हणाल्या, "बघितलंस? सगळे लुटायलाच बसलेत."

हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं? त्यांच्याच ओसरीवर. दिल्लीचं एक कुटुंब खोली सोडताना हेच म्हणून गेलं होतं, आणि वन्सं आठवडाभर जेवल्या नव्हत्या नीट. "आम्ही लुटारू? पाणी टँकरचं, वीज जाते तेव्हा जनरेटर आमचा, टॉवेल हे चोरून नेतात, आणि लुटारू आम्ही?" तेव्हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवणारी मीच होते. सोलंगला मात्र मी मान डोलावली.

आता आनंदाचंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. स्कीचे बूट म्हणजे पायाला प्लास्टिकच्या बादल्या बांधाव्यात तसे. ते फळीवर खट्कन अडकतात आणि मग आपले पाय आपले राहत नाहीत. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, असा उलटा व्ही केला की वेग कमी होतो. हे मी शेजारी दुसऱ्या कुणाला शिकवत होते ते ऐकून उचललं. आणि मी घसरले. दहा-बारा पावलांचं अंतर असेल. कानाशी वारा, खाली काहीच आवाज नाही, पोटात लहानपणी झोक्यावर पडायचा तसला खड्डा. शेवटी बसकण मारली आणि हसू आवरेना. छप्पन्नाव्या वर्षी अंग असं हलकं होतं हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांना बर्फाची ओढ वाटते त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ओढ खरी आहे.

मग आमचे हे उतरले. दुकानाच्या गल्ल्यावर बसून ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला उतारावर एकदम तारुण्य आठवलं. माझ्या दुप्पट उंचीवरून ते निघाले. स्कीचा बूट फळीला जिथे अडकतो ती कळ माणसाच्या वजनाप्रमाणे सैल किंवा घट्ट करायची असते. पडताना पाय पिळला की ती सुटली पाहिजे. वजन आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही शिकवणारा नको म्हणून सांगितलं होतं. हे खाली आले, डावी फळी तिथेच राहिली, आणि दोहोंच्या मध्ये ह्यांचा गुडघा होता.

तोच मुलगा धावत आला. ह्यांना लाकडी घसरगाडीवर बांधून, स्वतः पुढे टाचा रोवत, रस्त्यापर्यंत घेऊन गेला. मुलानं पैसे विचारले. त्यानं वाजवी रक्कम सांगितली, एक रुपया जास्त नाही. वन्संनी ह्या वेळी घासाघीस केली नाही. त्यांनी नोटा मोजल्या आणि मान खाली घालून दिल्या.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आणि नंतरच्या व्यायामाला 1,80,000 गेले. विमा कंपनीनं कागद दाखवला, बारीक अक्षरात साहसी खेळ वगळलेले होते. वाचवलेले 3,600 मी वहीत त्याच पानावर लिहून ठेवलेत.

"मग घरीच बसायचं का?" असं विचारणारे भेटतात. त्यांना उत्तर देण्यासाठी मला आमच्या जुन्या पोथ्यांकडे जावं लागतं. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत नावाचं एक व्रत आहे. दाही दिशांना आपण किती जाणार ह्याची हद्द आधी आखून घ्यायची. मी कॉलेजात असताना ह्याला हसायचे. व्यापारी समाजानं प्रवासाला हद्द घालायची म्हणजे काय? पण ह्या व्रताचे दोष सांगताना त्यात वर जाण्याची हद्द मोडणं, ऊर्ध्वव्यतिक्रम, असा वेगळा दोष सांगितला आहे, आणि टीकाकारांनी त्याचं उदाहरण डोंगर चढण्याचंच दिलं आहे. डोंगर चढणं पाप, असा ह्याचा अर्थ मी घेत नाही. किती, कुठवर, कशासाठी हे निघण्याआधी ठरव, आणि मग तिथे पोचल्यावर लोभ सुटला म्हणून ते मोडू नकोस, एवढंच ते सांगतं.

आमच्या सहलीत हद्द कुठेच नव्हती. चार दिवसांत सात ठिकाणं. बर्फ इथे पातळ म्हणून चालक म्हणाला, बोगद्यातून पलीकडे चला. अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात खुला झाला, नऊ किलोमीटरचा. आधी हिवाळ्यात लाहौल जगापासून तुटलेलं असे. आता मनालीत बर्फ कमी पडला की सगळ्या गाड्या तिकडे. तिथल्या सिस्सू गावच्या पंचायतीनं जानेवारी-फेब्रुवारीत, देवांच्या सणाच्या दिवसांत, पर्यटकांचे खेळ बंद ठेवायचं ठरवल्याच्या बातम्या मी नंतर वाचल्या, आणि मनातून त्या पंचायतीला हात जोडले. धंद्याचे ऐन दिवस सोडून देणारं गाव दिग्व्रत पाळतंय, आणि व्रताची पोथी घरात असलेले आम्ही गाडीत बसून "अजून पुढे, अजून पुढे" करतोय! रोहतांगला तर हद्द घालायला हरित लवादाला यावं लागलं. दिवसाला 1,200 गाड्या, 800 पेट्रोलच्या, 400 डिझेलच्या. बर्फावर काजळी बसायला लागली तेव्हा.

"तिथल्यांचं पोट आपल्यावर चालतं," हा दुसरा युक्तिवाद. चालतं ना. पेडण्यातल्या कितीतरी घरांचंही चालतं. म्हणूनच निदान आम्ही तरी हे तोंड वर करून बोलू नये. मोरजीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, त्या किनाऱ्यांवर भाड्याच्या जीपगाड्या घालणारे, रुतल्यावर "मदतीला कुणी येत नाही" म्हणून ओरडणारे पाहुणे आपण बघितलेत. मोप्याच्या सड्यावरची झाडं कोणासाठी गेली, धनगरांची घरं कुठून हलवली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच सड्यावरून उडून आपण दुसऱ्याच्या डोंगरावर उतरतो, आणि उतरल्या उतरल्या दिल्लीकर होतो. पोट चालवायचं असेल तर त्या मुलानं सांगितलेले 1,500 द्यायचे होते, आणि तासभर शिकायचं होतं. ती त्याची विद्या होती. सोलंगजवळच्याच बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं 2018 मध्ये तुर्कस्तानात स्कीचं कांस्यपदक मिळवलं, आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत स्कीचा प्राथमिक वर्गच पंधरवड्याचा असतो. त्या विद्येतली वीस मिनिटं आम्ही फोटोपुरती भाड्यानं घेतली, आणि त्यातही शिकवणाऱ्याला वगळलं.

परत आल्यावर नातीला शाळेत विचारलं, सुट्टीत काय बघितलंस. तिनं बर्फाचं चित्र काढलं. मग मला म्हणाली, "आजी, आपले जुने देऊळ कुठे आहे?" आमच्याच तालुक्यात कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत, लोक त्याला गुजीर म्हणतात. मी तिला तिथे कधी नेलं नव्हतं. पुढच्या रविवारी नेलं. रिक्षाचे पैसे रिक्षावाल्यानं सांगितले तेवढे दिले.

आमच्या मुनिमहाराजांची चालण्याची एक रीत आहे, ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन बघत, पायाखाली जीव येणार नाही अशा बेतानं पाऊल टाकायचं. स्की ह्याच्या अगदी उलट, असं मी हसत हसत म्हणणार होते. पण तो मुलगा ह्यांना घेऊन उतरताना मी मागून चालत होते. प्रत्येक पावलाआधी तो पुढची चार हात जमीन बघत होता. आमच्या सबंध टोळीत तसा चालणारा तो एकटाच होता.

आता मला कुणी "बर्फ झालं का?" विचारलं तर मी हो म्हणते, आणि उलट विचारते, "शिकवणाऱ्याला किती दिलेत?"