कपाट पुसणारीला विचारलं का?

परवा माहेरी, लोणंदला गेले होते. गल्लीत शिरते तो काय, शेजारच्या वाड्यासमोर टेम्पो उभा आणि त्यात चढवलेलं काकूंचं कपाट!

काकूंच्या सासूबाई एका सरदार घराण्यातल्या. हे शिसवी कपाट त्यांच्याबरोबर लग्नात आलं आणि पुढे त्यांनीच ते काकूंना दिलं. दारांवर फुलांची वेल. लांबून रंगवलेली वाटते, पण रंगाचा थेंब नाही. निरनिराळ्या लाकडांचे पातळ काप कापून, पाकळीला पाकळी भिडवून चिकटवलेले. पानाला सावली हवी तिथे असे कारागीर तेवढी कड तापलेल्या वाळूत भाजून घेतात. लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवायचो, तर काकू ओरडायच्या, "अगं, नखं लागतील!"

"आठ हजार आले ताई," काकूंचा मुलगा म्हणाला. "नाहीतरी वाळवीच खाणार होती."

काकू आत चहा टाकत होत्या. "तुम्हाला विचारलं का हो?" मी म्हटलं.

"आपल्याला काय विचारायचं गं त्यात!"

मैत्रिणींनो, मला विकल्याचा राग नाही. वाडे पडतात, फ्लॅटच्या दारातून असली कपाटं जात नाहीत, पैशाची नडही असते. पण जिने ते पन्नास वर्षं पुसलं, तिला विचारायचंच नाही?

बाईला वारशाने किंवा भेट म्हणून मिळालेली वस्तू तिच्या पूर्ण मालकीची, असं १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. आपण मात्र जमिनीचं तेवढं बोलतो. घरातल्या सामानाला 'अडगळ' म्हटलं की हक्कही अडगळीत!

आणि अडगळ तरी कशी म्हणायची? पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरगुती वस्तू जमवल्या, त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. तो संग्रह १९७५ मध्ये सरकारकडे गेला, आज आपण तो तिकीट काढून बघतो. शंभर वर्षं जुनी कारागिरीची वस्तू देशाबाहेर न्यायलाही १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून विकायचंच असेल, तर आधी जाणकाराला दाखवा. आणि ठेवायचं असेल, तर ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, ओल्या फडक्याने पुसू नका. ओल लागली की पाकळ्या सुटतात.

निघताना काकूंनी फडताळातून एक डबी काढली. आत लाकडाच्या चार-पाच सुट्या पाकळ्या. "गळलेल्या जपून ठेवल्या होत्या. चांगला सुतार मिळाला की बसवून घेणार होते."

टेम्पो केव्हाच गेला होता.

तुमच्याही घरात असं एखादं कपाट असेल. त्याचा सौदा ठरण्याआधी ते रोज पुसणारीला एकदा विचारा. आणि ती तुम्हीच असाल, तर विचारण्याची वाट बघू नका, आजच बोला.