गोड ज्वारीचा दिवा



अमेरिकेत सौरऊर्जेवर डॉक्टरेट मिळवलेला इंजिनिअर १९८१ साली फलटणला आला आणि ज्वारीच्या ताटांत जळण शोधू लागला! हे डॉ. अनिल राजवंशी, मूळचे लखनौचे.

निंबकर कृषी संशोधन संस्थेतल्या गोड ज्वारीला त्यांनी इंजिनिअरची जोड दिली. दाणे माणसांना, चोथा गुरांना, ताटाचा रस आंबवून मद्यार्क. तो गाळायला त्यांनी उन्हाची उष्णता वापरली, त्यावर चालणारे दिवे आणि स्टो बनवले. जळणासाठी धान्याची जमीन अडत नाही, मला तर हेच मोलाचे वाटते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कुणी म्हणेल, गाळूया घरीच! तसे मात्र करू नका. त्याला सरकारी परवाना लागतो.