जर-तरचे इंग्रजी



आपली शेती जर-तरवर चालते, आणि मुलांचे इंग्रजीतले गुणही नेमके जर-तरवरच जातात. 'पाऊस पडला तर पेरू' याचे इंग्रजी 'इफ इट रेन्स, वी विल सो'. पाऊस पुढे यायचा, म्हणून मुले 'इफ'च्या वाक्यातही 'विल' घालतात. तसे करू नये. 'विल' फक्त पेरण्याकडे.

हंगाम हुकला की म्हणायचे, 'पाऊस पडला असता तर पेरले असते'. म्हणजे 'इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव सोन'. इथे 'इफ'कडे 'हॅड', पेरण्याकडे 'वुड हॅव'.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीची घाई नको. तोवर रोज संध्याकाळी ही दोन वाक्ये मुलांकडून म्हणवून घ्या. आपल्याला इंग्रजी येत नसले, तरी 'विल' कुठे बसले एवढे कानाला कळते.