'रिव्हर्ट'चे बटण आणि अंतराळाचा इतिहास

१/९ 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळा, अंतराळस्पर्धेचा इतिहास आपोआप कळेल,' असे विधान हल्ली वारंवार वाचनात येते. त्याचा प्रतिवाद आवश्यक वाटतो. हा खेळ गतिशास्त्र उत्तम शिकवतो. इतिहास मात्र चुकीचा शिकवतो. #थ्रेड

२/९ प्रथम त्याचे श्रेय त्याला देऊ. मेक्सिको सिटीतील 'स्क्वाड' या कंपनीने २०११ मध्ये हा खेळ लोकांसमोर आणला. सुटे भाग जोडून यान बांधायचे आणि कर्बिन नावाच्या ग्रहावरून उडवायचे. गणित चुकले की यान कोसळते.

३/९ यातून उमगणारे शास्त्र अस्सल आहे. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ चे कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे रोख धरून यान ढकलले, तरी तो गाठता आला नाही. कक्षेत पुढच्याला गाठण्यासाठी आधी वेग कमी करून खाली उतरावे लागते. आज शाळकरी मूल हे खेळता खेळता शिकते.

४/९ आता आक्षेप. 'करिअर' प्रकारात तंत्रज्ञानाचा वृक्ष असतो. प्रयोगांचे गुण साठले की नवा भाग खुला होतो. जणू शोध तयारच होते, केवळ कुलूप काढायचे होते! शिवाय येथे पहिल्याच यानात अंतराळवीर बसतो आणि मानवरहित यान नंतर मिळते. प्रत्यक्षात स्पुटनिक १९५७ चे, गागारिन यांचे उड्डाण १९६१ चे.

५/९ क्रमाची चूक क्षम्य आहे. माणसे वगळणे क्षम्य नाही. जर्मनीचे व्ही-२ रॉकेट मिटेलवेर्क या भुयारी कारखान्यात डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून बांधून घेतले गेले. त्या छावणीसमूहातून सुमारे ६० हजार कैदी गेले. त्यांपैकी सुमारे २० हजार मरण पावले.

६/९ तेथील उत्पादन सांभाळणारा आर्थर रुडॉल्फ पुढे अमेरिकेत सॅटर्न-५ चा प्रकल्प व्यवस्थापक झाला. याच रॉकेटने माणसे चंद्राकडे गेली. युद्धकाळातील कृत्यांच्या चौकशीनंतर १९८४ मध्ये त्याने अमेरिका सोडली. हा दुवा त्या वृक्षाच्या कोणत्या फांदीवर दाखवणार?

७/९ खेळात उड्डाण फसले की 'रिव्हर्ट' दाबायचे. काळ मागे जातो, मेलेले जिवंत होतात. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बायकोनूरला आर-१६ क्षेपणास्त्र तळावरच पेटले. वरून लादलेल्या घाईत माणसे त्याच्याभोवती काम करीत होती. मार्शल नेदेलिन यांच्यासह अनेक जण जळून गेले. नेदेलिन विमान अपघातात वारले, असे जाहीर झाले. सत्य छापून येण्यास १९८९ उजाडले.

८/९ 'पण अपयशातून शिकणे तर खेळ शिकवतो ना?' अर्धेच शिकवतो. आपले एसएलव्ही-३ १० ऑगस्ट १९७९ रोजी फसले आणि १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झाले. मधल्या अकरा महिन्यांत चुकीचा शोध घ्यावा लागला, उत्तरे द्यावी लागली आणि गरीब देशाच्या तिजोरीतून पुन्हा खर्च करावा लागला. खेळात हे सारे एका क्लिकमध्ये आटोपते.

९/९ खेळ अवश्य खेळा, मीही खेळतो. त्याला इतिहासाचे पुस्तक मात्र म्हणू नका. यान कोणी बांधले, पैसा कोणी दिला, स्फोट झाला तेव्हा जवळ कोण उभे होते आणि ते कोणी लपवले, हे प्रश्न तो विचारत नाही. आपण विचारायला हवेत.